गांधीजींचं हिटलरला पत्र : युद्ध तर झालंच, मग ते पत्र जपायचं कशासाठी?

रानजाई | शनिवार, रात्री ९:०५

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय.

मी एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. गेल्या महिन्यात आठवी-नववीची सहल मुंबईला नेली होती. गेटवे झालं, राणीची बाग झाली, आणि माझ्या हट्टापायी गावदेवीचं मणिभवनही झालं. तिथे गांधीजींच्या पत्रांच्या प्रती लावलेल्या आहेत. त्यातलं एक हिटलरला लिहिलेलं. तारीख २३ जुलै १९३९. पोलंडवर हल्ला झाला १ सप्टेंबरला, म्हणजे बरोबर चाळीस दिवस आधीचं.

पत्र अगदी छोटं आहे. सुरुवात 'प्रिय मित्र' अशी. मजकूर साधारण असा : माणुसकीखातर तुम्हाला लिहावं म्हणून स्नेही मंडळी माझ्या मागे लागली आहेत, पण माझ्याकडून पत्र जाणं हा आगाऊपणा ठरेल असं वाटून मी टाळत होतो. आता आतून वाटतंय की हिशेब करत बसू नये, जे काही मोल असेल ते असो, विनवणी करावी. माणसाला रानटी अवस्थेला नेणारं युद्ध थांबवू शकेल असा आज जगात एकच माणूस आहे, तो म्हणजे तुम्ही. तुमचं उद्दिष्ट तुम्हाला कितीही मोलाचं वाटो, त्यासाठी एवढी किंमत मोजायलाच हवी का? युद्धाचा मार्ग ज्याने जाणूनबुजून टाळला आणि त्यात ज्याला बऱ्यापैकी यशही आलं, अशा माणसाचं ऐकाल का? लिहिण्यात माझं चुकलं असेल तर क्षमा कराल अशी आशा आहे.

नववीतली एक मुलगी ते पत्र वाचून माझ्याकडे आली. म्हणाली, "बाई, युद्ध तर झालंच ना? मग हे पत्र इथे कशाला लावलंय?"

मी 'प्रयत्न करणं महत्त्वाचं असतं' असं काहीतरी सांगून वेळ मारून नेली. तिने मान डोलावली, पण तिला पटलं नव्हतं हे मला कळलं. मलाही पटलं नव्हतं. कसारा घाट चढेपर्यंत तेच डोक्यात होतं.

तेव्हा तुम्हाला विचारते. हा भाबडेपणा होता का? की आणखी काही? ज्यांना या पत्राचा राग येतो त्यांनीही मोकळेपणाने लिहा, मला ते मुलांपुढे ठेवायचंय.

मुक्काम_पोस्ट | शनिवार, रात्री ९:२०

त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. प्रश्न असा पडायला हवा.

सडेतोड | शनिवार, रात्री १०:४१

राग येणाऱ्यांतला मी, तेव्हा सुरुवात करतो. माझ्या मते हा भाबडेपणाच.

जुलै १९३९ पर्यंत काय काय होऊन गेलं होतं ते बघा. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळला. सप्टेंबर १९३८ मध्ये म्युनिकला ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेनसमोर सही करून चेकोस्लोव्हाकियाचा सुदेतनलँड घेतला, आणि पुढच्या मार्चमध्ये ती सही धाब्यावर बसवून फौजा थेट प्राग शहरात घुसवल्या. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीभर ज्यूंची दुकानं फोडली, सिनेगॉग (प्रार्थनास्थळं) जाळली, हजारोंना पकडून छावण्यांत डांबलं. पोलंडवरच्या हल्ल्याची योजना एप्रिल १९३९ मध्येच कागदावर उतरली होती आणि १ सप्टेंबरपासून कधीही तयार राहा असा हुकूम सैन्याला गेला होता.

त्याच एप्रिलमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी हिटलरला जाहीर निरोप पाठवला होता : या ३१ देशांवर हल्ला करणार नाही अशी हमी द्या. हिटलरने राइशटागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, भाषण करून त्या यादीची टर उडवली आणि सभागृह खदखदून हसलं. अमेरिकेच्या अध्यक्षाची ही गत, तिथे वर्ध्याहून गेलेल्या पत्राने काय होणार होतं?

आणि 'प्रिय मित्र'? ज्याने ती नोव्हेंबरची रात्र घडवून आणली त्याला? हा शब्द माझ्या घशाखाली उतरत नाही. गांधीजींबद्दल मनात आदर आहे, म्हणूनच जास्त त्रास होतो.

वर्धेकर | शनिवार, रात्री ११:१५

पत्राच्या माथ्यावर वर्ध्याचा पत्ता आहे, पण नीट बघितलंत तर 'अ‍ॅज अ‍ॅट वर्धा' असं लिहिलंय. म्हणजे मुक्काम दुसरीकडे, पत्ता वर्ध्याचा. त्या जुलैत गांधीजी सरहद्द प्रांतात अबोटाबादला होते.

पत्रांचा विषय निघालाच आहे तर आमच्या सेवाग्रामची एक गंमत सांगतो. गावाचं मूळ नाव सेगाव. १९३६ मध्ये गांधीजी तिथे राहायला आले आणि जगभरातून टपाल सुरू झालं. आता बुलढाणा जिल्ह्यात गजानन महाराजांचं शेगाव, तेही रेल्वेच्या मुख्य मार्गावर. बापूंची पत्रं तिकडेच जायची! त्या गोंधळापायी १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम केलं. म्हणजे हिटलरने उत्तर पाठवलं असतं तर ते आधी महाराजांच्या पायाशी पोचण्याची शक्यता होती.

मुक्काम_पोस्ट | शनिवार, रात्री ११:२२

पत्ता वर्ध्याचा होता म्हणताय ना, मग बरोबर पोचलं असतं :)
पण मूळ पत्र तरी हिटलरपर्यंत पोचलं का?

तांबडं_फुटलं | रविवार, सकाळी ६:५०

नाही. ब्रिटिश सरकारने ते पुढे जाऊच दिलं नाही. आणि मंडळी, पत्र एक नाही, दोन आहेत. सगळे पहिल्याबद्दलच बोलतात. दुसरं २४ डिसेंबर १९४० चं, नाताळच्या आदल्या दिवशीचं, आणि चांगलं लांबलचक. तेही सरकारने दाबलं.

सडेतोड, तुमचा 'मित्र' शब्दावरचा आक्षेप गांधीजींच्याही कानावर आला असावा, कारण दुसऱ्या पत्राची सुरुवातच त्याने होते. मी तुम्हाला मित्र म्हणतो ती औपचारिकता नाही, मला शत्रू नाहीतच, असं ते लिहितात. पण त्यापुढचं वाचा. तुमची स्वतःची आणि तुमच्या चाहत्यांची लिखाणं, भाषणं पाहता तुमची अनेक कृत्यं राक्षसी आहेत आणि माणसाला शोभणारी नाहीत, यात शंका राहत नाही. चेकोस्लोव्हाकियाचा अपमान, पोलंडवरचा बलात्कार, डेन्मार्क गिळणं, अशी नावं घेऊन लिहिलंय. आणि शेवटाकडे सांगतात : ब्रिटिश नाहीत तर दुसरी कुठली तरी सत्ता तुमच्याच पद्धतीत तुमच्यापेक्षा तरबेज होईल आणि तुमच्याच हत्याराने तुम्हाला हरवेल. तुमच्या लोकांना अभिमान वाटावा असा कुठलाही वारसा तुम्ही मागे ठेवत नाही आहात.

हे त्यांनी डिसेंबर १९४० मध्ये लिहिलं. फ्रान्स पडलेला, लंडनवर बॉम्ब पडतायत, रशियाशी हिटलरचा करार शाबूत. त्या घडीला हिटलर हरेल असं म्हणणारे जगात किती होते?

सडेतोड | रविवार, सकाळी ९:३०

तांबडं, दुसरं पत्र मी पूर्ण वाचलं नव्हतं हे कबूल. आत्ता शोधून वाचलं. मी समजत होतो त्यापेक्षा बरंच कडक आहे.

पण त्यातच आणखी दोन वाक्यं आहेत, ती तुम्ही घेतली नाहीत. एक, तुमचे विरोधक रंगवतात तसे राक्षस तुम्ही आहात असं आम्ही मानत नाही. दोन, ब्रिटिश साम्राज्यशाहीला आम्ही नाझीवादाइतकाच विरोध करतो, फरक असलाच तर तो कमीजास्तपणाचा. पहिलं वाक्य मला आजही पटत नाही. दुसऱ्याबद्दल मात्र मी आता गप्प होतो, कारण इंग्रजांच्या राज्यात पडलेला १९४३ चा बंगालचा दुष्काळ मला माहीत आहे.

सायली_कट्टा | रविवार, सकाळी १०:०२

अवांतर : मराठीत हे पत्र लिहायचं झालं असतं तर मायना काय घातला असता? शाळेत आम्हाला 'सा.न.वि.वि.' शिकवलं होतं. हिटलरला साष्टांग नमस्कार तर शक्य नाही.

वर्धेकर | रविवार, सकाळी १०:१०

'स.न.वि.वि.' म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष. गांधीजींना तो सहज चालला असता, कारण त्यात सप्रेमही आहे आणि विनंतीही. अडचण सडेतोडांची झाली असती.

सडेतोड | रविवार, सकाळी १०:१४

झाली असती खरी. 'विनंती विशेष' एवढंच ठेवलं असतं मी.

लेखणीबहाद्दर | रविवार, दुपारी १२:३५

मायन्यावरून एक महत्त्वाचं आठवलं. 'प्रिय मित्र' ही हिटलरसाठी केलेली खास सवलत नव्हती. २ मार्च १९३० ला, दांडीयात्रेच्या दहा दिवस आधी, व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनला लिहिलेलं पत्रही 'प्रिय मित्र' असंच सुरू होतं. आणि त्या पत्रात ब्रिटिश राज्य हा शाप आहे असं स्वच्छ लिहून कायदेभंगाची नोटीस दिली आहे. रेजिनाल्ड रेनल्ड्स नावाचा तरुण इंग्रज ते पत्र घेऊन दिल्लीला गेला होता. आयर्विनच्या सचिवाने चार ओळींचं कोरडं उत्तर धाडलं. गांधीजी म्हणाले, गुडघे टेकून भाकर मागितली आणि मिळाला दगड.

सत्याग्रहात पत्राला ठरलेली जागा आहे. आधी समोरच्याला लेखी कळवायचं, त्याला सुधारायची संधी द्यायची, मग पुढचं पाऊल. माझ्या मते हिटलरचं पत्र त्याच शिस्तीतून आलंय.

आता पुढची गंमत. हाच आयर्विन नंतर लॉर्ड हॅलिफॅक्स झाला. नोव्हेंबर १९३७ मध्ये, ब्रिटिश मंत्री असताना, तो हिटलरला त्याच्या डोंगरातल्या घरी, बेर्ख्टेसगाडेनला भेटला. तिथे हिंदुस्थानचा विषय निघाल्यावर हिटलरने त्याला सल्ला दिला : गांधींना गोळी घाला, तेवढ्याने भागलं नाही तर काँग्रेसच्या डझनभर पुढाऱ्यांना, आणि तरीही नाही तर दोनशे जणांना. तिथे हजर असलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्याने ही हकीकत लिहून ठेवली आहे. एका 'प्रिय मित्रा'ने दुसऱ्याला दिलेला हा सल्ला. ज्याच्याशी १९३१ मध्ये आपण करार केला त्याच माणसाबद्दल हे ऐकताना हॅलिफॅक्सला काय वाटलं असेल, याचा मी नेहमी विचार करतो.

सडेतोड | रविवार, दुपारी १:२०

लेखणीबहाद्दर, प्रतिसाद फार आवडला. पण तुम्हीच माझ्या हाती मुद्दा दिलात.

१९३० च्या पत्रामागे दांडीयात्रा उभी होती. मिठागरं होती, तुरुंगात जायला तयार असलेली हजारो माणसं होती. 'ऐकलं नाहीत तर आम्ही असं करू' हे सांगण्याची ताकद होती. १९३९ च्या पत्रामागे काय होतं? बर्लिनमध्ये एकही सत्याग्रही नाही. त्यातून उत्तर मिळेल असा रस्ताच नव्हता. सत्याग्रहाची पहिली पायरी आहे म्हणता, पण दुसरी पायरीच नसेल तर तिला जिना कसं म्हणायचं?

लेखणीबहाद्दर | रविवार, दुपारी १:४५

याला माझ्याकडे आत्ता उत्तर नाही. फक्त एवढंच दाखवतो की 'आगाऊपणा ठरेल' हे त्यांनी स्वतःच पहिल्या ओळींत लिहिलंय. मागे काही नाही हे त्यांना ठाऊक होतं.

नवगावची_लेक | रविवार, दुपारी ४:१०

मी इस्राएलमध्ये लोदला राहते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळचे अलिबागकडचे, तेलाचा घाणा असलेले आणि शनिवारी तो बंद ठेवणारे 'शनवार तेली'. घरात आजी मराठीच बोलायची. मलिद्याच्या ताटाशेजारच्या भिंतीवर गांधीजींचा फोटो होता, कोकणातून येताना आजोबांनी आणलेला.

मी लहान असताना वरच्या मजल्यावर पोलंडहून आलेल्या एक बाई राहायच्या. एकदा साखर मागायला आल्या, फोटो बघून थबकल्या आणि म्हणाल्या, "आम्हाला हात न उचलता मरा म्हणणारा तो हाच ना?" आजीला काही सुचेना. तिने त्यांना बसवलं आणि आपला गवती चहा घालून चहा दिला. फोटो मात्र काढला नाही.

पुढे मी ते सगळं शोधून वाचलं. 'हरिजन' या गांधीजींच्या साप्ताहिकातला, २६ नोव्हेंबर १९३८ चा ज्यूंवरचा लेख. त्यात ते आधी म्हणतात की माणुसकीच्या नावाने एखादं युद्ध कधी न्याय्य ठरत असेल, तर एका संपूर्ण वंशाचा छळ थांबवण्यासाठी जर्मनीविरुद्ध केलेलं युद्ध पुरेपूर न्याय्य ठरेल. आणि लगेच म्हणतात, पण माझा कुठल्याच युद्धावर विश्वास नाही. मग जर्मनीतल्या ज्यूंनी सत्याग्रह करावा, स्वखुशीने यातना सोसाव्यात, असा सल्ला.

ज्यू तत्त्वचिंतक मार्टिन बूबर गांधीजींना मानणारा. जर्मनी सोडून नुकताच जेरुसलेमला आलेला. त्याने फेब्रुवारी १९३९ मध्ये गांधीजींना लांब पत्र लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की, दक्षिण आफ्रिकेत तुमच्या लोकांचं सोसणं जगाला दिसत होतं. छावणीत रात्री मारल्या जाणाऱ्या माणसाचं हौतात्म्य कोणाला दिसणार? ते वाऱ्यावर उधळलं जाईल. सडेतोड म्हणतात तो जिना बूबरने तेव्हाच विचारला होता.

मला पत्राचा राग येत नाही, त्या लेखातल्या सल्ल्याने मात्र आजही कळ उठते. माझं दुखणं 'प्रिय मित्र' या शब्दात नाही. मारेकऱ्याला 'थांब' म्हणणं आणि मार खाणाऱ्याला 'सोस' म्हणणं, यांत मला फार अंतर दिसतं. पहिलं कोणीही, कधीही म्हणावं. दुसरं म्हणताना त्या माणसाच्या जागी उभं राहायला हवं.

आणि हेही सांगायला हवं : त्यांचा जिवलग हर्मन कालेनबाख ज्यू होता. दक्षिण आफ्रिकेत गांधीजींच्या टॉलस्टॉय फार्म या आश्रमासाठी अकराशे एकर जमीन देणारा. १९३९ च्या सुरुवातीला तो सेवाग्रामला त्यांच्याजवळ राहत होता. गांधीजींनीच 'हरिजन'मध्ये लिहिलंय की माझ्यासोबत राहणारा ज्यू मित्र अहिंसा मानतो, पण हिटलरसाठी प्रार्थना करणं मला जमणार नाही असं म्हणतो, आणि त्याच्या रागावरून मी त्याच्याशी वाद घालत नाही. पाचच महिन्यांनी त्यांनी हिटलरला पत्र लिहिलं. लिहिताना कालेनबाख त्यांच्या डोळ्यांपुढे होता असं मी धरून चालते.

रानजाई | रविवार, सायंकाळी ५:३०

नवगावची_लेक ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. 'थांब' आणि 'सोस' यांतला फरक मुलांना सांगताना तुमचं नाव न घेता वापरला तर चालेल का?

नवगावची_लेक | रविवार, सायंकाळी ५:४२

अवश्य वापरा. आजीच्या चहासकट सांगा.

घाटावरचा | रविवार, रात्री ८:०५

'सोस' म्हणण्यावरून. २ जुलै १९४० ला त्यांनी 'प्रत्येक इंग्रज माणसाला' म्हणून आवाहन लिहिलं : शस्त्रं खाली ठेवा, हिटलर आणि मुसोलिनीला तुमचं सुंदर बेट घेऊ दे, घरंदारं घेऊ दे, मन आणि आत्मा देऊ नका. ते व्हाइसरॉय लिनलिथगोमार्फत इंग्लंडच्या सरकारला पोचतंही झालं आणि 'हा मार्ग आम्हाला शक्य वाटत नाही' असं उत्तर आलं. तिथे गांधीजी चुकले असं मला ठामपणे वाटतं.

आणि हे त्यांच्या सहकाऱ्यांनाही पटत नव्हतं. त्याच उन्हाळ्यात काँग्रेस कार्यसमितीने वर्ध्यात बसून ठरवलं की परकीय हल्ल्याच्या बाबतीत आम्ही अहिंसेला बांधून घेऊ शकत नाही. जुलैअखेर आमच्या पुण्यात अखिल भारतीय समितीने राष्ट्रीय सरकार मिळणार असेल तर युद्धात सहकार्याची तयारी दाखवली. सरकारने ते नाकारल्यावर मंडळी पुन्हा गांधीजींकडे आली आणि १७ ऑक्टोबरला पवनारला विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रहाची सुरुवात केली. दुसऱ्या पत्रात गांधीजी हिटलरला सांगतात की नाताळात युरोपातल्या लोकांची मनं शांततेसाठी तळमळत असतात म्हणून आम्ही आमचा शांततामय लढाही थांबवलाय. तो लढा म्हणजे हाच.

पिंपळपार | रविवार, रात्री ९:१५

मोठमोठ्या माणसांच्या पत्रांबद्दल वाचतोय, मी एका साध्या पत्राबद्दल लिहितो.

माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. साताऱ्याकडचं कोरडवाहू गाव, पावसाचा भरवसा नाही, म्हणून भरती झाले. ३ सप्टेंबर १९३९ ला लिनलिथगोने हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं जाहीर केलं तेव्हा इथल्या कुणालाच विचारलं नव्हतं. आजोबांना तर नाहीच. ते इटलीत लढले. त्यांच्याच रेजिमेंटचे यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ मधल्या आणि नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मधल्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे तिथेच पडले. नामदेव जाधव परत आले, आणि आजोबाही आले, एका कानाने बहिरे होऊन.

ते इटलीहून आजीला पत्र पाठवायचे. आजीला वाचता येत नव्हतं, शाळेचे गुरुजी पारावर बसून वाचून दाखवायचे. मधल्या ओळींवर काळी शाई फिरवलेली असायची, सेन्सॉरची. गुरुजी तिथे थांबायचे आणि आजी म्हणायची, "असू द्या, पुढचं वाचा." ती काळी ओळ काय असेल याचा तिने जन्मभर तर्क केला.

२५ लाख हिंदी सैनिक त्या युद्धात होते, ८७ हजार परतले नाहीत. हिटलरला कोणी 'थांब' म्हटलं असेल, कितीही वेड्यासारखं असो, तर ते माझ्या आजोबांच्या वतीनेही म्हटलं होतं असं मी मानतो. त्यांच्या वतीने बोलणारं दुसरं कोण होतं? व्हाइसरॉय?

सडेतोड | रविवार, रात्री ९:४०

पिंपळपार, हे वाचून मी थोडा वेळ उठून बाहेर जाऊन आलो.

कुंभी | सोमवार, सकाळी ७:३०

मी कोल्हापूरची. पोलंडचं नाव निघालंय म्हणून लिहिते.

आमच्याजवळ वळिवडे आहे. १९४३ ते १९४८ या काळात तिथे पोलिश निर्वासितांची छावणी होती, पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. १ सप्टेंबर १९३९ ला हिटलर पश्चिमेकडून घुसला आणि १७ सप्टेंबरला स्टालिन पूर्वेकडून. या बायकामुलांना रशियनांनी गाड्यांत कोंबून सायबेरियात नेलं होतं. तिथून सुटून इराणमार्गे ती आमच्या पंचगंगेकाठी पोचली. शाळा, चर्च, नाटकं, सगळं उभं केलं त्यांनी. माझी पणजी तिथे भाजी विकायला जायची. गोऱ्या पोरी 'वांगी कशी दिली' असं मराठीत विचारायच्या, हे ती हसत सांगायची. महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे.

सडेतोडदादा, तुम्ही म्हणता पत्रामागे ताकद नव्हती. गांधीजींनी ते स्वतःच कबूल केलंय. सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडचे माजी पंतप्रधान, पियानोवादक पादेरेव्स्की यांनी त्यांना तार करून पाठिंबा मागितला. उत्तरात गांधीजींनी लिहिलं की माझं सगळं काळीज पोलिश लोकांबरोबर आहे, पण माझ्या शब्दाला बळ नाही याची मला वेदनेने जाणीव आहे.

एवढंच नाही. पोलिश लोक इतक्या बलाढ्य सैन्याशी ज्या धैर्याने लढले ते पाहून त्यांची हिंसा जवळजवळ अहिंसाच गणली जाईल, असंही त्यांनी लिहिलं. हे वाचल्यावर मला ते हेकट वाटेनात.

सडेतोड | सोमवार, सकाळी ९:१०

कुंभीताई, 'जवळजवळ अहिंसा' हे मला नवीन आहे. वाचनखूण साठवली.

माझी भूमिका आता अशी : पत्राने युद्ध थांबणार नव्हतं, आणि लिहिणाऱ्यालाही ते बहुधा माहीत होतं. तेव्हा 'भाबडेपणा' हा माझा शब्द मी मागे घेतो. 'राक्षस नाही' या वाक्यावरचा आणि इंग्रजांना दिलेल्या सल्ल्यावरचा आक्षेप मात्र कायम.

सायली_कट्टा | सोमवार, सकाळी ११:००

आपल्या इथे कुणी शब्द मागे घेतला, ही तारीख लिहून ठेवायला हवी!

रानजाई | शुक्रवार, सायंकाळी ६:२०

मंडळी, परत आले. या आठवड्यात दोन तास घेतले. दोन्ही पत्रं फळ्यावर मराठीत लिहिली. सडेतोडांचे आक्षेप, पिंपळपारांच्या आजीची काळी ओळ, नवगावच्या ताईंच्या आजीचा चहा, सगळं सांगितलं. काळ्या ओळीपाशी वर्ग चिडीचूप झाला होता.

नंतर त्या मुलीला विचारलं, आता काय वाटतं? ती म्हणाली, "बाई, पत्र अडवलं त्या साहेबाने तरी ते वाचलंच असेल ना?" एवढंच म्हणून बसली.

पण मला निरुत्तर केलं मागच्या बाकावरच्या एका मुलाने. आदल्या दिवशी मी 'प्रत्येक इंग्रज माणसाला' लिहिलेलं आवाहन सांगितलं होतं आणि जुलै १९४२ मध्ये 'प्रत्येक जपानी माणसाला' लिहिलेलंही. तो उठून म्हणाला, "इंग्रजांना लिहिलं ते सगळ्यांना लिहिलं. जपानला लिहिलं ते पण सगळ्यांना. मग जर्मनीला लिहिताना एकट्या हिटलरलाच का? बंदुका तर सैनिकांच्या हातात होत्या."

लेखणीबहाद्दर | शुक्रवार, सायंकाळी ६:४८

त्या मुलाला दंडवत. इतकी वर्षं वाचतोय, हे कधी सुचलं नाही.

सडेतोड | शुक्रवार, सायंकाळी ७:०५

हाच तो जिना! पहिल्या पत्रात 'जगात एकच माणूस थांबवू शकतो' असं आहे. तिथेच सगळा भार एकट्यावर टाकला गेला, आणि ज्यांच्याशिवाय त्याचं पानही हललं नसतं ते लाखो जण बाजूला राहिले. सत्याग्रहाचं सगळं गणितच 'लोकांनी साथ काढून घेतली तर राज्य चालत नाही' या पायावर उभं आहे, आणि इथे ते वापरलं गेलं नाही. रानजाईताई, मला त्या मुलाशी बोलायचंय.

रानजाई | शुक्रवार, सायंकाळी ७:३०

बोला ना, मुलांना फार आवडेल. पुढच्या शुक्रवारी तिसरा तास माझाच आहे, सव्वाबारा ते एक. कुंभीताई, तुम्हालाही त्याच वेळी वर्गातून फोन लावू का? वळिवड्याबद्दल मुलांनी प्रश्न काढून ठेवलेत. पहिला प्रश्न आहे, पोलिश मुलांना आपलं तिखट चालायचं का.

कुंभी | शुक्रवार, सायंकाळी ७:५२

लावा, लावा. आईलाही शेजारी बसवते, पणजीच्या गोष्टी तिला माझ्याहून जास्त ठाऊक आहेत.